लग्नाचा पांढरा

थेंब पाण्याला टेकला, तरी लगेच विरघळला नाही. आधी तो स्वतःभोवतीच गोळा झाला, मग त्याला खाली एक शेपूट फुटले, त्या शेपटाला दोन-तीन फाटे, आणि बादलीच्या तळाशी पोचेपर्यंत त्याचे एक बारीक उलटे झाड झाले – निळे, मुळे वर असलेले... द्रौपदीने बाटलीचा हात तसाच अधांतरी धरून ठेवला. पहिला थेंब पुरता हरवल्याशिवाय दुसऱ्याचा विचार करायचा नसतो, हे तिला कोणी शिकवले नव्हते. आईचा, भागीरथीबाईचा, हात असाच थांबलेला तिने लहानपणी नळावर पाहिला होता, एवढेच. तेव्हा बाटली नव्हती. फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेली निळीची पूड असे, आणि ती पाण्यातून फिरवता फिरवता आई म्हणे, पांढरं नुसतं धुतलं तर पिवळं पडतं गं, त्याला थोडं निळं दाखवावं लागतं. दाखवावं लागतं – घालावं लागतं नव्हे.

दुसरा थेंब तिने टाकला नाही.

पाणी ढवळून तिने साडी एकदाच बुडवली आणि वर काढली. पीळ दिला नाही. पिळली की घडीच्या रेषा उरतात. गॅलरीतल्या तारेवर ती पदराकडून पसरत नेली, मधून मधून दोन्ही तळव्यांत धरून ओढली, काठ सरळ केला. काठ बोटभर रुंदीचा, निळा, आता पुष्कळसा उतरलेला. लग्नातली साडी. वर्षातून तीनदा-चारदा बाहेर निघायची. आज निघाली होती, कारण उद्या दसरा आणि दसऱ्याला विहारात जायचे होते. आत नवरा, भीमराव, रात्रपाळी करून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला होता. कारखान्याचा वास त्याच्या शर्टाला असतो आणि शर्ट दारामागच्या खिळ्याला, म्हणून अंबरनाथच्या मोरिवलीतल्या ह्या दोन खोल्यांत सकाळी आधी तो वास, मग चहाचा, मग पोळ्यांचा, असा क्रम ठरलेला होता. तिने पोळ्या केल्या. भेंडीची भाजी दोन डब्यांत भरली. तव्याखालची आच बंद केली आणि हात पुसत पुन्हा गॅलरीत आली – साडी वाळताना बघायला. ओली असताना पांढरे काहीच सांगत नाही. वाळू लागले की बोलते.

मुलगी, सुनेत्रा, केस विंचरत दारात उभी होती. तिच्या लग्नाला आता महिना-दीड महिना राहिला होता, आणि लग्नाची साडी कल्याणहून आणून झाली होती – पांढरी, ह्याच साडीसारखी, फक्त काठ रुंद आणि निळा ताजा.

"आई, काल बघितलंस का काही दुकानात?"

"कशाचं?"

"माझ्या साडीवरचं. गळ्यातलं, कानातलं."

"मोती घाल की."

"मोती पांढऱ्यावर पिवळे दिसतात. हे मला कोणी सांगितलं? तूच." तिने केसांत अडकलेला कंगवा सोडवला. "सगळ्या जगाच्या साड्यांवर तू सेट काढतेस, आई. ब्राह्मणांच्या पिवळ्यावर काढतेस, मारवाड्यांच्या लालवर काढतेस. आपल्याच साडीवर तुझ्या दुकानात काही नाही. मज्जाच आहे ना!"

"पांढरा मोसमात येत नाही."

"कोण म्हणतं?"

द्रौपदीने तारेवरचा काठ पुन्हा सरळ केला. सुनेत्रा आत गेली आणि येताना ब्लाउजपीस शिवायला देताना कापून उरलेली एक बोटभर पट्टी घेऊन आली. आईच्या पिशवीत, डब्याच्या कडेला, तिने ती घातली. "राहू दे तुझ्याजवळ. नाही जमलं तर मी अशीच उभी राहीन, नुसती. किंवा स्वागताला चिंतामणी शालू घेऊ, म्हणजे तुझ्या शेटचा सेट तरी खपेल."

थट्टा होती. पण नुसती... हा शब्द द्रौपदीच्या मनात थट्टेसारखा उतरला नाही. तो त्या थेंबासारखा आधी गोळा झाला, आणि मग त्याला फाटे फुटू लागले.

आपण नुसत्याच उभ्या राहिलो होतो. लग्नात गळ्यात काळी पोत, हातात काचेच्या बांगड्या, आणि ही साडी. त्या वेळी त्यात काही उणे वाटले नव्हते. सगळ्याच तशा उभ्या राहत. नको होते ते सगळे सोडून नव्याने सुरुवात केलेली माणसे, त्यांच्या अंगावर पांढरे स्वच्छ दिसे आणि स्वच्छ दिसणे हाच दागिना होता. पण सुनेत्राने सोडण्यासारखे काही पाहिलेलेच नाही. तिला पांढरे हवे आहे ते लग्नाचे म्हणून, आणि लग्नाच्या साडीवर शोभेलसे काही हवे आहे, इतके साधे. नुसती उभी राहीन – तिच्या तोंडी ह्याचा अर्थ वेगळा आहे. आपल्या आईला जे येते ते आपल्यापुरते नाही, असा आहे.

उल्हासनगरच्या रिक्षात ती कडेला बसली. पाच नंबर कॅम्पाच्या अलीकडे नाल्यावरचा पूल येतो. तिथे रोज तिची मान आपोआप वळे. रंगाईच्या कारखान्यांचे पाणी त्या नाल्यात उतरते आणि बाजारात कुठला रंग येऊ घातला आहे ते दुकानांच्या आधी नाल्याला कळते. ही तिची खाजगी करमणूक होती. गेल्या वर्षी गणपतीपासून नाला राणी रंगाचा वाहत होता, आणि दिवाळीनंतर सगळ्या नवऱ्यामुली राणी. आज तो निळा होता. गढूळ, फेसाळ, कडेच्या कचऱ्यापाशी हिरवट. चिंतामणी, ती मनात म्हणाली. शेट म्हणतात ते खरं. आणि मग तिला वाटले, पांढरा कधी नाल्यातून वाहत येणार नाही. पांढऱ्याला रंगवावे लागत नाही, म्हणून त्याचा मोसम नाही, म्हणून त्याला कोणी विचारत नाही... आणि तरी सकाळी बादलीपाशी आपण त्याच्यासाठी थेंब मोजतो.

लेखराजशेटचे दुकान दोन जिन्यांवर होते. खाली कापडबाजाराची गर्दी. वर काचेच्या कपाटांत चांदीवर सोन्याचे पाणी दिलेले सेट, आणि उत्तरेच्या खिडकीशी द्रौपदीचे टेबल. घरी बसून मणी ओवता ओवता ती ह्या टेबलापर्यंत आली होती, कारण जवळजवळच्या दोन छटा तिच्या हातून कधी एका दोऱ्यात गेल्या नव्हत्या. आता तिचे काम एकच. मोसमाआधी शेट सुरतेच्या कापडाच्या चिंध्या आणून तिच्यापुढे टाकत, आणि कुठल्या रंगाच्या साडीवर कुठला खडा, हे ती ठरवी. पुठ्ठ्यावर घरे आखलेली असत. प्रत्येक घरात कापडाची पट्टी, तिच्या मध्यावर खडा, खाली रंगाचे नाव. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी पुठ्ठा लाल फडक्यात बांधून देवापुढे ठेवायचा आणि दसऱ्याला सकाळी पूजा झाल्यावरच सोडायचा. मधे गाठ उघडायची नाही. मग त्याबरहुकूम खडे निवडले जात, कारागिरांकडे जात, आणि तुळशीची लग्ने लागेपर्यंत दादर, पुणे, नाशिक इथल्या दुकानांत सेट लटकत.

"आओ अदी, आओ!" लेखराजशेट तिला पहिल्या दिवसापासून अदी म्हणत. त्यांच्या सिंधीत अदी म्हणजे बहीण. "आज फायनल करना है. नाला देखा?"

"बघितला. चिंतामणी."

"मैं बोला था ना! कर्णिकसाहब, सुना? आपका ही रंग है इस साल!"

हिशेबाच्या टेबलावरून चिंतामणी कर्णिक चष्म्यावरून हसले. हा विनोद जुना होता आणि दर वेळी नवा केला जाई. एकदा दादरच्या दुकानदाराची चिठ्ठी आली होती, 'चिंतामणी, सहा सेट'. तेव्हा शेटना तो रंग आहे हे ठाऊक नव्हते, त्यांनी सहा सेट बाजूला बांधून कर्णिकांपुढे ठेवले आणि गंभीरपणे विचारले, घर में एकसाथ छह शादियाँ हैं क्या? बदलापूरला राहणारे, एका मुलीचे बाप असलेले कर्णिक घाबरून उभेच राहिले होते. पुढे मग चिंतामणी म्हणजे नेमका कोणता, ह्यावर आठवडाभर वाद झाला. कर्णिक म्हणत, त्यांच्या आईच्या पैठणीसारखा, निळ्यात किंचित हिरवा. दादरचा दुकानदार म्हणे, निळ्यात जांभळा. शेवटी द्रौपदीने दोन्हींच्या मधली चिंधी काढली आणि सगळे गप्प झाले. गंमत वाटली होती तिला तेव्हा. मागाल ते देणारा मणी, तो कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तरी त्याचा रंग सगळ्यांना ठाऊक, भांडायलासुद्धा तयार. आणि पांढरा रोज डोळ्यांपुढे असतो...

ती कामाला लागली. आमसुलीवर सुनहला – त्या पिवळट, मधाळ खड्याने आमसुलीतला काळोख जरा मोकळा होतो. राणीवर ह्या वर्षी हिरवा नको, डोळ्यांना टोचतो. राणीवर फिरोजा, तोही फिकट. मेंदी रंगावर पोवळे. सारख्याला सारखा लावला की दोन्ही मरतात, हे तिला फार लवकर कळले होते. कापडाने काही म्हणावे आणि खड्याने त्याला हुंकार द्यावा, एवढेच जुळणे. चिंतामणीवर तिने कटेला ठेवून पाहिला. जांभळा, स्वच्छ. उचलला. मग मोती ठेवला आणि त्याच्या शेजारी अगदी लहान कटेला. हां. आता निळा दोघांशी बोलू लागला. पुठ्ठ्यावरची घरे भरत गेली, आणि दुपारपर्यंत शेवटचे एकच उरले.

"आखरी में फीका गुलाबी डाल दो," शेट म्हणाले. "बेबी पिंक. सूरतवाला बोल रहा था, थोड़ा थोड़ा चलेगा."

"बघते," ती म्हणाली. सुनेत्रालाही ती हेच म्हणत आली होती, कितीतरी महिने.

जेवायला कर्णिक आणि ती समोरासमोर बसत, मधे शेटच्या घरून आलेल्या पापडांची थाळी. कर्णिक जेवताना जपून, हळू बोलत. दुकानातल्या मराठी रीतीभातींचे ते अधिकारी होते. कुठल्या विधीला कुठली साडी, हे शेट त्यांनाच विचारत. आपल्यात गौरीहराला पिवळी अष्टपुत्री, बरं का द्रौपदीबाई. आपल्यात मामा हिरवा चुडा देतो. आपल्यात हे असं... आणि ती मान हलवी. खोटे ती कधी बोलली नव्हती. कुणी विचारले नव्हते. बापाने धम्मदीक्षेच्या आधी ठेवलेले नाव होते. धाकट्या भावंडांची नावे नवी आली, तिचे बदलायचे राहून गेले, आणि ह्या दुकानात ते जुने नाव तिच्या आधी जिना चढून आले आणि तिच्यासाठी जागा धरून बसले. आपल्यात – ह्या शब्दात तिला इतकी वर्षे बसायला मिळाले होते. बसायला मिळाले, एवढे खरे. कधी पाय मोकळे सोडून नव्हे.

"मग? मुलीची खरेदी कुठवर आली?" कर्णिकांनी विचारले. "शालू कुठला घेतलात? आपल्यात हल्ली हिरवाच पाहिजे असं राहिलं नाही, आमची मीनल तर राणीसाठी हटून बसली होती."

तिने घास खाली ठेवला. हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होते. त्याच्यासाठी उत्तरही तयार होते – अजून ठरत नाही बाई, हल्लीच्या मुली... आणि हसायचे. ते उत्तर ओठांपर्यंत आले. पण आत कुठेतरी सकाळचा शब्द अजून फाटे फोडत होता.

"पांढरी साडी घेतली," ती म्हणाली. "आमच्यात लग्नाला पांढरा असतो."

आमच्यात. तिचे तिलाच ऐकू आले. ह्या टेबलावर, ह्या खोलीत हा शब्द तिने कधी उच्चारला नव्हता. लहान शब्द, पण त्याने मधल्या पापडाच्या थाळीवरून एक रेघ ओढली आणि ती स्वतः उठून रेघेच्या पलीकडे जाऊन बसली. कुणी ढकलले नव्हते.

कर्णिकांच्या चेहऱ्यावर काहीच वाईट आले नाही. तिने नंतर पुष्कळदा आठवून पाहिले – काहीच नाही. त्यांनी फक्त भाताकडे पाहिले आणि ते नेहमीपेक्षा जास्त अदबीने म्हणाले, "अच्छा, अच्छा. हो, तुमच्यात पांढरा असतो, नाही का. छान. साधं, सुटसुटीत."

तुमच्यात.

इतकेच. पापडाची थाळी त्यांनी तिच्याकडे सरकवली – रोज सरकवत तशी, पण आज थोडी जास्त पुढे, पाहुण्यापुढे सरकवतात तशी. आणि तिला कळले की आता ते आपल्यात म्हणणार नाहीत. उद्या नाही, परवा नाही. रागाने नव्हे, शिष्टाचाराने. तिला रडू येईल असे वाटले होते, आले नाही. उलट पाठ ताठ झाली. साधं, सुटसुटीत, ते म्हणाले होते. साधं? ह्यांना काय माहीत पांढरं साधं असतं की नाही.

माझ्या टेबलाशी मी परत आले तेव्हा खिडकीतला उजेड बदलला होता. मी पिशवीतून पट्टी काढली. सुनेत्राची पट्टी. टेबलावर ठेवली आणि मला ती दुसरी बाई आठवली – दोन-तीन वर्षांमागची, मुलीला घेऊन आलेली, अंबरनाथचीच असावी; तिनं पिशवीतून अशीच पांढरी चिंधी काढली होती आणि शेट म्हणाले होते, सफेद? कोई गुज़र गया क्या? शेटना हसायचं नव्हतं. शेटना पांढरं बघवत नाही. ते मला एकदा म्हणाले होते, अदी, सफेद मेरे सामने मत लाना, हमारी माँ कराची से उतरी तो विधवा के सफेद में, और पूरी उमर वही देखी मैंने, इसी कैम्प की बैरक में. म्हणून मी त्या बाईसमोर मोत्यांची सर ठेवली. मोती पिवळे दिसले. तिनं माझ्याकडे बघितलं. चिंधी घडी करून पिशवीत घातली. तिनं मला ओळखलं होतं का? आपल्या माणसाला आपलं माणूस ओळखू येतं. मी मोती परत डबीत टाकत होते, आणि मान वर केली नाही...

द्रौपदीने आता मान वर केली. पट्टीवर मोती ठेवला, पिवळा. हे ठाऊकच होते. फिरोजा ठेवला, तो एकटाच ओरडू लागला, पांढरे मागे सरले. पोवळ्याने पांढऱ्यावर कुंकू सांडल्यासारखे झाले; नको. तिने स्फटिक घेतला – पाण्यासारखा नितळ, निर्दोष – आणि तो पट्टीवर ठेवताच मळका झाला. धुतलेल्या कापडाशेजारी न धुतलेला. सारख्याला सारखा, दोन्ही मेले. पांढऱ्याचं जमत नाही ते ह्यामुळे, ती मनाशी म्हणाली, शेटमुळे नाही, कर्णिकांमुळे नाही. पांढऱ्यालाच हुंकार देणारा दगड नाही... आणि हात मागे घेता घेता तिला स्वतःचा सकाळचा हात दिसला. अधांतरी. बाटली धरलेला.

पांढरं नुसतं धुतलं तर पिवळं पडतं गं.

ती उठली, दोन्ही जिने उतरली, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून निळीची लहान बाटली घेतली आणि वर आली. शेट जेवून गादीवर कलंडले होते; कर्णिकांनी वर पाहिले आणि पुन्हा खाली. कोंदणात खड्याच्या मागे चांदीची पन्नी घालतात, खडा उजळावा म्हणून. तसा पन्नीचा एक तुकडा तिने कापला. त्यावर निळीचा एक थेंब ठेवला. थांबली. बोटाच्या टोकाने तो पुसून घेतला – पुसला, तरी गेला नाही. पन्नीच्या सुरकुतीत कुठेतरी नजरेलाही सापडू नये इतका राहिला. तो वाळेपर्यंत तिने त्यावर फुंकर घातली. मग पन्नीवर स्फटिक ठेवला, आणि पन्नीसकट पट्टीच्या मध्यावर.

खडा निळा दिसत नव्हता. तो पांढरा दिसत होता – कापडाहून पांढरा, आणि त्याच्या शेजारी कापड अधिक मऊ, दुधाळ, अंगावर घेण्याजोगे. तिने ते उजेडात तिरके केले, सरळ केले, सावलीत नेले. पट्टीच्या टोकाला काठाचा निळा दोरा राहिला होता, तो आणि पन्नीतला निळा एकमेकांना दुरून ओळखत होते, बोलत नव्हते. बस. आई, तिला म्हणावेसे वाटले, दाखवावं लागतं, घालावं नाही... पण आई नव्हती, आणि म्हणण्यासारखे तिथे कोणी नव्हते.

आता शेवटचे घर.

फिक्या गुलाबीची चिंधी टेबलावर होती. ती चिकटवायला एक क्षण पुरला असता. पांढऱ्याचा सेट मग सुनेत्रापुरता, एकटीपुरता करून घेता आला असता, कारागिराला सांगून, कुणाला न कळता. लेकीची हौस भागली असती, शेटच्या डोळ्यांना त्रास नाही, पुठ्ठ्याला धक्का नाही. हे सोपे होते आणि ते वाईटही नव्हते, म्हणून तिने त्याचा नीट विचार केला. पण मग ती दुसरी बाई पुन्हा येईल. किंवा तिच्यासारखी आणखी कुणी, पिशवीत घडी केलेली चिंधी घेऊन, दादरला, नाशिकला, कुठल्या तरी जिन्यावर. आणि तिच्यापुढे कुणीतरी पिवळे मोती ठेवील. आणि सुनेत्राचा सेट चोरून केलेला राहील. लग्नातला दागिना चोरून कसा करायचा?

शेटना लागेल. हे तिला पुरते माहीत होते. उद्या सकाळी पूजेनंतर गाठ सुटेल आणि सगळ्या रंगांच्या शेवटी त्यांना पांढरा दिसेल – बरॅकीतला, आईच्या अंगावरचा. कदाचित ते तो ओरबाडून काढतील. कदाचित परवा आपल्याला बोलावून म्हणतील, अदी, मैंने तुमको बोला था. ह्या खिडकीचा, ह्या टेबलाचा प्रश्न येईल. ते सगळे तिने समोर मांडले, खडे मांडतात तसे, एकेक उजेडात धरून. आणि कशानेही रंग बदलला नाही.

तिने डिंक लावला. पट्टी चिकटवली, पन्नी, वर स्फटिक. मग नावासाठी पेन घेतले, आणि इथे मात्र ती अडली. वर ओळीने नावे होती – आमसुली, राणी, मेंदी, चिंतामणी. नुसते पांढरा लिहिले तर शेट त्यांचा पांढरा वाचतील. शुभ्र, दुधी, मोतिया... ही सगळी कापडाची नावे. तिने थोडा वेळ पेनाचे टोपण दातांत धरले आणि मग जपून, कर्णिकांना आवडे तशा वळणदार अक्षरात लिहिले: लग्नाचा पांढरा.

शाई वाळल्यावर तिने पुठ्ठा लाल फडक्यावर ठेवला आणि चारी टोके वर घेतली. ही गाठ दोघांनी मारायची असे. ती टोके आवळी आणि पहिल्या वेढ्यावर कर्णिक बोट धरत, म्हणजे दुसरा वेढा घट्ट बसतो. दर वर्षी ती हाक मारायच्या आत ते उठून येत. आज तिने पहिला वेढा घातला आणि ती टोके धरून उभी राहिली.

कर्णिक आले. त्यांनी पुठ्ठा बांधताना पाहिला असणार. शेवटचे घरही पाहिले असणार. "शेटजींना विचारलंत?" त्यांनी हळूच विचारले.

"रंग मी ठरवते, कर्णिकसाहेब."

"नाही, तसं नाही... मी आपलं म्हटलं." त्यांचा हात वर आला, आणि थांबला. चष्मा सारखा करायला थांबला, की गाठ नीट दिसावी म्हणून, की आणखी कशाने – तिने पाहिले आणि त्याचे माप घ्यायचे नाही असे ठरवले. मग बोट वेढ्यावर टेकले. तिने गाठ आवळली. "सोडा," ती म्हणाली, आणि त्यांनी बोट काढून घेतले.

शेट जागे होऊन तोंड धुऊन आले होते. देवांच्या फळीपुढे त्यांनी दोन्ही हातांनी पुठ्ठा घेतला, डोळ्यांना लावला, झुलेलालच्या तसबिरीखाली ठेवला.

"आखरी में गुलाबी?"

"नाही," द्रौपदी म्हणाली. "सफेद."

त्यांचा हात पुठ्ठ्यावरच राहिला. बाहेर हातगाडीवाल्याचा आवाज येत होता. त्यांचे बोट गाठीपर्यंत गेले. गाठ घट्ट होती, आणि आज ती उघडायची नव्हती, हे त्यांच्या घराण्यात पिढ्यांपासून चालत आलेले होते.

"सफेद," ते पुन्हा म्हणाले.

"शादी का है, शेटजी. आमच्यात नवरीचा असतो. माझ्या मुलीचा आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिले – बराच वेळ, एखादी चिंधी उजेडात धरावी तसे, कशाशी जुळते ते न कळून. मग ते वळले आणि समईत तेल घालू लागले. हा राग होता की दुसरे काही, हे पाठीवरून ओळखू येईना.

"उद्या येणार नाही," ती म्हणाली. "विहारात जायचंय."

दर वर्षी ती म्हणे, घरी सण आहे. तेही खरेच होते.

पिशवी घेऊन ती जिना उतरली. साडी आता वाळली असेल. संध्याकाळच्या दवाच्या आत काढली पाहिजे, हातानेच घडी घातली पाहिजे, इस्त्रीने तो काठ सोसणार नाही. उद्या सकाळी वर गाठ सुटेल तेव्हा आपण ती साडी नेसून उभ्या असू, आणि काय झाले ते आपल्याला परवापर्यंत कळणार नाही... पुलावर रिक्षा हळू झाली. तिची मान नाल्याकडे वळली नाही. ती उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होती – टोकावरच्या बारीक रेषांत निळे राहिले होते, धुतले तरी एकदम न जाणारे – आणि ते पुसण्यासाठी तिने पदर उचलला नाही.